पुढच्या दोन दातांमधली जागा

माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये ज्वारीचा दाणा सहज अडकेल एवढी फट होती. होती म्हणतोय, कारण आता ती नाही. आता तिथे दोन्ही दात एकमेकांना खेटून उभे आहेत आणि मागच्या बाजूने त्यांना एक बारीक तार कायमची चिकटवली आहे. लोक म्हणतात, किती छान झालं. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, म्हणून मी हसून वेळ मारून नेतो. हसलो की ते दातांकडे बघून पुन्हा म्हणतात, खरंच छान झालं हो.

हिंगोलीत कोर्टाजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. पोट त्यावर चालतं. पण मी कोण, असं कोणी विचारलं तर मनातलं उत्तर वेगळं असायचं. मी ट्रंपेटवाला. शाळेत असल्यापासून आमच्या वस्तीच्या बँडमध्ये मी ट्रंपेट वाजवत आलो. लग्नसराईत नरसी, सेनगाव, पुसेगाव असं सगळीकडे फिरायचं, टेम्पोत उभ्याने झोपायचं, नवरदेवाच्या घोड्याच्या लाथा चुकवायच्या, आणि नाचणाऱ्यांचं समाधान होईपर्यंत एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवायचं. त्यात फार मोठी कला होती असं मी म्हणणार नाही. कला लागायची ती वर्षातून एकदा, एप्रिलमधल्या जयंतीला.

आमच्या मिरवणुकीचा एक रिवाज आहे. चौकात सगळे जमतात, निळे झेंडे वर होतात, बुद्धवंदना होते, ढोलवाले पट्टे खांद्यावर चढवून तयार असतात, तरी कोणी पाऊल उचलत नाही. आधी ट्रंपेटचा एक लांब सूर लागतो. एकच सूर, सरळ, एका दमाचा. तो थांबला की ढोलावर टिपरू पडतं आणि मिरवणूक हलते. हा रिवाज आमच्या बँडच्या जुन्या मास्तरांनी पाडला. त्यांचा दम कमी झाला तेव्हा त्यांनी तो सूर माझ्याकडे दिला. द्यायचा म्हणजे काही समारंभ नव्हता. एका वर्षी चौकात त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "लाव." मी लावला. त्या दिवसापासून तो माझा झाला.

मास्तरांची शिकवायची पद्धत ऐकून कोणी हसेल. आमच्यात कोणालाच लिहिलेलं संगीत वाचता येत नव्हतं, मास्तरांनाही नाही. नवा पोरगा आला की ते त्याला स्टुलावर बसवायचे, बाजारात बैलाचे दात बघतात तसं त्याचं तोंड उघडून बघायचे, मग ट्रंपेटचं तोंड त्याच्या ओठावर ठेवून म्हणायचे, फुंक. नाही जमलं की जरा डावीकडे. जरा वर. पुन्हा फुंक. असं करत करत एका जागी आवाज सापडायचा. "ही तुझी जागा. जन्मात सोडायची न्हाई." झालं शिक्षण. पुढचं सगळं कानाने ऐकायचं आणि वाजवायचं. आवाज कसा येतो, ओठाचं काय होतं, हवा कुठून जाते, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण त्यांनाही ते कोणी सांगितलं नव्हतं. माझी जागा बरोबर मधोमध सापडली होती. तिथे ठेवलं की मला जोर लावावाच लागत नसे. लोक म्हणायचे, याचा सूर तारेसारखा बारीक आणि लांब जातो. मला वाटायचं, ही माझी मेहनत.

मास्तर गेले. त्यानंतर एक-दोन वर्षांत माझ्या तोंडाचं दुखणं सुरू झालं.

खरं म्हणजे ते आधीपासून होतं, मी लक्ष दिलं नव्हतं. माझे वरचे दात खालच्या दातांना पूर्ण झाकायचे. तोंड मिटलं की खालचे दात दिसतच नसत, ते थेट वरच्या टाळूला टोचत. तिथे जखम व्हायची, भरायची, पुन्हा व्हायची. ठेचा खाल्ला की डोळ्यांतून पाणी. पुढे वरचे दात खालच्यांच्या रेट्याने बाहेर सरकायला लागले. मधली फट वाढली, बाजूच्या दातांमध्येही फटी पडल्या, आणि एके दिवशी शेंगा फोडताना मला पुढचा दात हलल्यासारखा वाटला. माझी पाचावर धारण बसली. पुढचा दात गेला तर ट्रंपेट कशावर टेकवणार?

म्हणून मी दवाखान्यात गेलो. चांगलं दिसायला नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. ट्रंपेट वाचवायला गेलो.

आमच्या इथल्या दातांच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा नांदेडहून तारांच्या डॉक्टर यायच्या. त्यांना सगळे तारांच्या मॅडम म्हणत. वयाने माझ्याहून लहान, बोलायला साध्या. बाकड्यावर माझ्या शेजारी सगळी शाळेची लेकरं आणि त्यांच्या आया. एका आईने मला विचारलं, "तुमचं लेकरू आत गेलंय का?" मी म्हणालो, मीच लेकरू.

मॅडमनी माझ्या दातांचा साचा घेतला आणि पुढच्या खेपेला त्यावरून केलेलं पांढरं प्लास्टरचं तोंड टेबलावर ठेवलं. आपलं तोंड असं बाहेर काढून ठेवलेलं पाहणं फार विचित्र असतं. त्यांनी पेनाने दाखवलं. "दादा, हे बघा. नुसत्या फटी बुजवल्या तर दात मागे येतील आणि खालच्या दातांवर जास्तच आदळतील. नुसता चावा, म्हणजे वरखालचे दात मिटतात ती ठेवण, उचलला तर फटी राहतील आणि दात हलायचे थांबणार नाहीत. एका उपायाने होणार नाही. प्लेट, तारा, हाडात छोटे स्क्रू, रबर, सगळं एकमेकांच्या जोडीने करावं लागेल."

मी ट्रंपेटचं विचारलं. त्यांनी उडवून लावलं नाही, हे मला आजही कबूल करावं लागतं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "फुंकून वाजवणारा पेशंट मला पहिल्यांदाच भेटतोय. तारा असताना ओठाला त्रास होईल, तारांवर लावायला मेण देते. पण दादा, दातच राहिले नाहीत तर काय वाजवाल?"

मी तिथेच पुढची तारीख घेतली.

आधी प्लेट आली. टाळूला बसणारी गुलाबी प्लास्टिकची प्लेट, पुढच्या बाजूला जाड. खालचे पुढचे दात तिच्यावर टेकायचे, त्यामुळे मागच्या दाढा एकमेकींना लागतच नसत. भाकरी चावता येईना. दुकानात येणाऱ्या वकिलांना मी "सत्यप्रत" म्हणायला गेलो की भलतंच काही ऐकू जायचं. मग तारा आल्या, प्रत्येक दाताला एक पत्र्याची टिकली चिकटवून. मग वरच्या हिरडीत दोन बारीक स्क्रू, पुढचे दात वर खेचायला. मग रबराची साखळी, फटी बुजवायला. वरच्या ओठाला आतून हिरडीशी बांधणारा मांसाचा एक पडदा असतो, तो माझ्या दोन दातांच्या मधे उतरला होता. फट पुन्हा उघडू नये म्हणून तोही थोडा कापला. एक गोष्ट दात वर नेत होती, दुसरी मागे, तिसरी जवळ आणत होती. मॅडम दर खेपेला बघायच्या आणि खूश व्हायच्या. "एकदम बराबर चाललंय."

टाळूची जखम खरोखर भरली. कित्येक वर्षांनी मी ठेचा सुखाने खाल्ला. हे काही खोटं नाही.

त्या दिवसांत वाजवणं म्हणजे हाल होते. ओठाच्या आत तारा रुतायच्या, मेण लावलं तरी वरातीच्या शेवटी रुमाल लाल व्हायचा. आवाज घोगरा, तुटका. एका जयंतीला तर मी लांब सूर कसाबसा ओढला, अर्धाच. पण तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही, मीही नाही. सगळे म्हणाले, तारांमुळे. तारा निघाल्या की होईल. आमच्या क्लॅरिनेटवाल्याने तर जाहीरच केलं, "पुढच्या वर्षी हा गडी असा सूर लावतू का न्हाई बघा, वसमतपर्यंत ऐकू जाईल." मी त्या आशेवर तो सगळा काळ काढला.

तारा निघाल्या. मॅडमनी मला आरसा दिला. दाताच्या मागे बारीक तार चिकटवली, फट बंद राहावी म्हणून. रात्री घालायची एक प्लेट दिली, चावा खाली बसू नये म्हणून. मी दातांवरून जीभ फिरवून पाहिली. सगळं गुळगुळीत, सलग. जिथे जिभेला रोज जायची सवय होती तिथे जाऊन जीभ अडायची.

घरी आलो, चहासुद्धा घेतला नाही. ट्रंपेट काढलं, माझ्या जागेवर ठेवलं आणि फुंकलं.

हवा आली. नुसती हवा, सूर नाही. मी जागा चुकली असेल म्हणून पुन्हा ठेवलं. जोर लावला तेव्हा एक जाड, बसका आवाज निघाला, मला तो ओळखीचाच वाटेना. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज लई दिवसांनी हात लावला, जरा दमानं घ्या." मी दमाने घेतलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, महिनाभर. डावीकडे ठेवून पाहिलं, उजवीकडे, वर, खाली. दुकान बंद करून मागच्या खोलीत कुलूप लावून घ्यायचो आणि फुंकत बसायचो. ओठ सुजायचे. खालचे सूर कसेबसे यायचे. वरचा तो एक लांब सूर यायचाच नाही. मध्येच फाटायचा.

क्लॅरिनेटवाला मला समजवायला आला. "काहून इतका जीव जाळून राहिला? साऱ्या दुनियेत ट्रंपेटवाल्यांच्या दातात काय फटी असतेत? ते वाजवतेतच ना?"

वाजवतात. पण ते तसे शिकलेले असतात. सलग दातांवरून हवा कशी सोडायची, ओठ किती आवळायचा, हे त्यांना कोणी तरी दाखवलेलं असतं, किंवा त्यांनी लहानपणीच ते शोधलेलं असतं. मला फक्त जागा दाखवली होती. आणि ती जागाच मी महिन्या-महिन्याने, रांगेत नंबर लावून, बुजवून घेतली होती. जिला मी माझी मेहनत समजत होतो ती त्या फटीची मेहनत होती. हे कळलं त्या दिवशी मला इतकं रिकामं वाटलं की सांगता येत नाही. माणसाचं एखादं कौशल्य जातं तेव्हा निदान ते आपलं होतं एवढं तरी उरतं. माझं तेही उरलं नाही. आणि ज्यांना विचारावं ते मास्तर कधीच गेले होते.

मी पुन्हा मॅडमकडे गेलो. त्यांनी जुना साचा आणि नवा साचा शेजारी-शेजारी ठेवले. जुन्या साच्यातल्या फटीवर मी बोट ठेवलं. मग मी म्हणालो, "मॅडम, मला पुन्हा पहिल्यासारखं करून द्या. फट पाडून द्या."

बाकड्यावरच्या साऱ्या आया आपल्या लेकरांच्या फटी बुजवायला आल्या होत्या, आणि हा एक बाप्या फट मागत होता. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं मला वाटलं, कदाचित मला तसं वाटून घ्यायचं होतं. त्या म्हणाल्या, "मागची तार काढता येईल दादा. पण मधलं मांस आपण कापलंय, फट उघडेलच असं नाही. उघडली तरी तीच जागा, तेवढीच जागा, हे मी सांगू शकत नाही. आणि हिरड्यांना अजून विश्रांती हवी. थोडे महिने जाऊ द्या. प्लेट मात्र सोडू नका."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. त्यांनी माझे दात वाचवले होते म्हणूनच राग आला. मी घरी येऊन ती प्लेट डबीत घातली आणि डबी कपाटावर टाकून दिली. माझा हिशोब सरळ होता. या प्लेटमुळेच सगळं जागच्या जागी थांबलंय. ती काढली की माझं जुनं तोंड आपोआप परत येईल. दुखणं आलं तर येऊ दे, पण त्याच्यासोबत सूरही येईल.

आणि एके दिवशी दुपारी जेवताना टाळूला ठेचा झोंबला. त्याच जागी, जुन्या जखमेच्या जागी. मला आनंद झाला, हे लिहितानाही लाज वाटते. बायकोला वाटलं मला ठसका लागला. मी उष्ट्या हाताने उठलो, आरसा घेतला.

चावा खाली बसायला लागला होता. खालचे दात पुन्हा वरच्यांमागे लपत होते. फट मात्र होती तशीच बंद होती. मागच्या चिकटवलेल्या तारेने ती घट्ट धरून ठेवली होती. दोन वेगवेगळ्या गोष्टी दोन वेगवेगळ्या कड्यांनी बांधलेल्या होत्या, हे मॅडमनी मला सुरुवातीलाच प्लास्टरच्या तोंडावर दाखवलं होतं, आणि मी ऐकूनही घेतलं होतं. मला नको होतं ते तेवढं परत आलं. हवं होतं ते आलं नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. तपासून म्हणाल्या, "आता ती तार काढायचा विचारच करता येणार नाही. खालचे दात पुन्हा रेटून राहिलेत. तार काढली तर पुढचे दात सुटतील, आणि या वेळी थांबणार नाहीत." प्लेट पुन्हा सुरू झाली, नवी, पहिल्यासारखी जाड. मी ती घालतो, न चुकता. दात राहिलेच पाहिजेत म्हणून घालतो. कशासाठी राहिले पाहिजेत, हे मात्र मी स्वतःला विचारत नाही.

मग जयंती आली.

मी बँडवाल्यांना आधीच सांगितलं होतं की यंदा सूर दुसऱ्याला द्या. क्लॅरिनेटवाला ऐकेना. "तुझाच हाये, तूच लाव. तुटला तर तुटला." बाकीच्यांनीही मान डोलावली. त्यांना ते प्रेम वाटत होतं, आणि होतंही. चौकात वंदना झाली, झेंडे वर गेले, सगळे गप्प झाले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी ट्रंपेट उचललं. दम भरला.

सूर लागला, अगदी थोडा, आणि फाटला. मी पुन्हा दम घेतला. या वेळी तर नुसती हवाच निघाली. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण ढोलवाल्याने माझ्याकडे न बघता टिपरू मारलं, लगेच दुसऱ्याने मारलं, आणि आवाजाच्या त्या गर्दीत मिरवणूक पुढे सरकली. मला सांभाळून घेण्यासाठी त्यांनी घाई केली होती, हे मला कळलं. मी थोडं अंतर रांगेत चाललो, ट्रंपेट ओठाला लावून, न फुंकता. आमच्या वस्तीचा रस्ता आला, झेंडे, ट्रॉली, नाचणारी पोरं सगळं आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेलं, तरी मी तसाच चालत होतो. बसस्टँडच्या अलीकडे मला ते सहन होईना. मी बाजूला झालो आणि मागे फिरून घरी आलो.

ऊन अजून उतरलं नव्हतं. आई खाटेवर बसली होती, पांढरी साडी नेसून, केस विंचरून, चपला पायाशी मांडून. गुडघ्यांमुळे तिला आता पटकन उठता येत नाही. खाटेपासून गल्लीच्या तोंडापर्यंत जायला तिला बराच वेळ लागतो, म्हणून दरवर्षी चौकातला सूर कानावर आला की ती चपला घालून निघते. घरात दुसरं कोणी नव्हतं, बायको आणि मुलं मिरवणुकीत होती. ढोलांचा आवाज तर त्या दिवशी सकाळपासून सगळीकडून येतच असतो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "कवाची तयार होऊन बसले. सूर कवा लावून राहिला रे यंदा? अजून काहून निघाली न्हाई मिरवणूक?"